पुठ्ठ्याच्या मागे चिकटवलेले आजोबा

प्रति,
मा. बाल विकास प्रकल्प अधिकारी,
बाल विकास प्रकल्प कार्यालय,
नेर, जि. यवतमाळ.

अर्जदार : वामनराव नत्थुजी गावंडे, धंदा शेती, रा. बोरदाभा, ता. नेर.

विषय : मौजे बोरदाभा येथील अंगणवाडीत 'माझे कुटुंब' या हस्तकलेत अर्जदारास पुठ्ठ्याच्या मागील बाजूस चिकटवण्यात आल्याबाबत, व त्यास कारण झालेल्या घरगुती अबोल्याबाबत सुधारित अर्ज.

संदर्भ : १) अर्जदाराचा याच विषयावरील पहिला अर्ज.
२) तो वाचून आपण त्याच दिवशी दिलेले तोंडी निर्देश, की "आजोबा, यात अर्धीच गोष्ट आहे. पूर्ण लिहून आणा."

महोदया,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते, की

१. अर्जदार हे बोरदाभ्याचे जुने रहिवासी असून कापूस व तुरीचे शेतकरी आहेत. गावात त्यांच्या शब्दाला मान आहे. सोयरीक जुळवायची असो, बांधाचा तंटा असो, की विहिरीतली मोटार वर काढायची असो, वामनरावांना बोलावल्याशिवाय कोणी पुढे सरकत नाही. असा हा माणूस सध्या अंगणवाडीच्या भिंतीकडे तोंड करून लटकलेला आहे आणि ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडलो तेव्हाही एवढे लाजिरवाणे वाटले नव्हते, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. नेर बसस्थानकासमोर अर्ज टंकलेखनाचे दुकान चालवणारी नाहिद, जिने हा अर्ज लिहिला, तिने त्यांना विचारले, की कागदाचे आजोबा आणि खरे आजोबा यांत काही फरक आहे की नाही. त्यावर ते म्हणाले, "पोरी, कोणाचा फोटो भिंतीवरून पडला तरी वाईट वाटते. मले तं माह्या नातवानं उलटा चिपकवला." अर्जदार कोणतीही गोष्ट फार फिरून सांगतात, म्हणून काही ठिकाणी लिहिणारीने आपले शब्द वापरले आहेत. त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नाही, कारण त्यांचा चष्मा घरी राहिलेला आहे.

२. गावच्या अंगणवाडी सेविका मोनालीताई या उत्साही आहेत. त्या मोबाईलवर हस्तकलेचे व्हिडिओ पाहतात आणि दुसऱ्या दिवशी लेकरांकडून करवून घेतात. पत्रावळीचे मुखवटे झाले, काड्यांची घरे झाली, पळसाच्या पानांचे पक्षी झाले. यंदा त्यांनी घरच्या माणसांच्या कौतुकाचा उपक्रम काढला. आधी आईची पाळी आली. लेकरांनी आईचा पंजा कागदावर ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवली आणि आत हळदीकुंकवाचे ठिपके दिले. पुढे वडिलांसाठी वर्तमानपत्राचा टाय करण्यात आला. बोरदाभ्यात नवरदेव सोडला तर कोणी टाय घातल्याचे ऐकिवात नाही, आणि नवरदेवही घालत नाही. परंतु अर्जदाराचा मुलगा अक्षय याला नातू रजत, वय वर्षे चार, याच्या रडण्यापायी तो टाय गळ्यात अडकवून मोटारसायकलवर फवारणीचा पंप घेऊन शेतात जावे लागले. रस्त्यात भेटेल तो त्याला "साहेब, कर्जमाफीचं काय झालं?" असे विचारीत होता. येथपर्यंत सर्व आनंदात चालले होते आणि त्या हसण्यात अर्जदार स्वतः सर्वांत पुढे होते.

३. त्यानंतर 'आजीची बाहुली' हा उपक्रम आला. अंग झाडूच्या काड्यांचे, डोके चिंधीचे आणि केस कापसाचे. कापूस तर आमच्याकडे कोणाला मागावा लागत नाही. प्रश्न लुगड्याचा होता. मोनालीताईंनी निरोप धाडला, की ज्यांच्या घरी जुने कापड असेल त्यांनी ते पाठवावे. त्या वेळी अर्जदाराच्या पत्नी सौ. बेबीताई या ढाणकीला बहिणीकडे गेल्या होत्या. सूनबाई कापूस वेचायला गेलेल्या. रजतने कापडासाठी घर डोक्यावर घेतले. तेव्हा अर्जदाराने बेबीताईंची लोखंडी पेटी उघडली आणि सर्वांत वर जे घडी केलेले कापड होते ते काढले. ते कापड स्वच्छ पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेले होते व आत डांबराच्या गोळ्या होत्या. ज्या कापडाला डांबराच्या गोळ्या घालून ठेवतात ते चिंध्यांसाठी ठेवलेले नसते, एवढे साधे ज्ञान अर्जदारास सत्तरीला टेकेपर्यंत झाले नव्हते, याचे लिहिणारीस नवल वाटते. अर्जदाराचा हेतू मात्र दिलदार होता. ते नातवाचा हात धरून स्वतः अंगणवाडीत गेले. मोनालीताईंनी घडी उलगडून पाहिली आणि विचारलेही, "आबाजी, ही तर चांगली साडी आहे. आजींना विचारलं ना?" त्यावर अर्जदार म्हणाले, "तिले कायले विचारा लागते? पेटीत पडूनच होतं. घ्या, साऱ्या पोराइले पुरते." तेव्हा मोनालीताईंचा यात काडीचाही दोष नाही, हे येथे स्पष्ट लिहिण्यात येत आहे. साडी साऱ्या पोरांना पुरली.

४. ती साडी कोणती, हे आता सांगणे भाग आहे. सौ. बेबीताई या याच अंगणवाडीत मदतनीस होत्या. आज जे आईबाप आपली लेकरे अंगणवाडीत सोडतात, त्यांतल्या निम्म्यांना बेबीताईंनी बोट धरून घरून आणलेले आहे, त्यांची नाके पुसलेली आहेत, खिचडी भरवलेली आहे. त्या नोकरीचा गणवेश म्हणजे ही साडी. निवृत्त झाल्या त्या दिवशी त्या ती नेसल्या होत्या, घरी येऊन धुतली, आणि तेव्हापासून पुन्हा अंगाला लावली नाही. दिवाळीत पेटी उघडली की तिच्यावरून हात फिरवून पुन्हा ठेवायच्या, असे सूनबाई सांगतात. अर्जदारास हे माहीत नव्हते. मोनालीताई नंतर आलेल्या, तोवर गणवेश बदललेला, म्हणून त्यांनाही माहीत नव्हते.

बेबीताई ढाणकीहून परत आल्या त्या फाट्यावर उतरून तडक अंगणवाडीकडेच गेल्या, कारण नातवाला पाहायची घाई. खिडकीच्या कट्ट्यावर गावच्या साऱ्या आज्या ओळीने बसलेल्या होत्या, कापसाचे केस, काजळाचे डोळे, आणि प्रत्येकीच्या अंगावर बेबीताईंची साडी. मग मोनालीताईंना म्हणाल्या, "बाहुल्या बेस झाल्या, बाई," आणि रजतला कडेवर घेऊन घरी आल्या. त्या दिवसापासून त्या अर्जदाराशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

५. महोदया, आपल्या भागात नवराबायकोच्या अबोल्याची जी रीत आहे ती आपणांस ठाऊक असेलच. भांडण कितीही मोठे असो, जेवण थांबत नाही, चहा थांबत नाही, फक्त बोलणे लेकराच्या मार्फत होते. अर्जदार चुलीपासून हातभर अंतरावर बसलेले असताना बेबीताई म्हणतात, "रजत, तुह्या आबाजीले सांगजो, चहा निवून राह्यला." अर्जदार म्हणतात, "रजत, आजीले म्हण, आज साखर कमी पडली." रजत या दोघांच्या मधोमध उभा असतो. सुरुवातीला त्याने हे काम इमानाने केले. पुढे त्याला आपल्या अधिकाराची जाणीव झाली. "आजी, आबाजी म्हणते, रजतले बिस्कुट दे," असे निरोप तो आपल्या मनाने तयार करू लागला. एकदा तर त्याने आजीला सांगितले, की आबाजी म्हणते, उद्या रजतले अंगणवाडीत पाठवू नको. बेबीताईंनी तो निरोप खरा धरला आणि अर्जदाराच्या खात्यावर आणखी एक गुन्हा जमा झाला. शिवाय रजत दिवेलागणीनंतर पेंगायला लागतो, आणि तो झोपला की घरातला सारा कारभार बंद पडतो. मग अर्जदाराने आपले अंथरूण मागच्या पडवीत, कापसाच्या ढिगाशेजारी हलवले. ते आपणहून हलवले, कोणी हलवायला लावले नाही, असे लिहिण्याचा अर्जदाराचा आग्रह आहे. लिहिले आहे.

६. अशा परिस्थितीत 'माझे कुटुंब' हा शेवटचा उपक्रम आला. लेकरांना पुठ्ठा, डिंक आणि कापलेली कागदी माणसे देण्यात आली. ज्याने त्याने आपले घर चिकटवायचे. रजतने मधोमध आजीला लावले, बाजूला आई, टायसकट बाबा, स्वतः, आणि अर्जदाराची शेळी. आजोबांना कापसाच्या झुपकेदार मिशा त्याने फार प्रेमाने लावल्या. त्यानंतर पुठ्ठा उलटा केला आणि आजोबांना मागच्या बाजूला एकटे चिकटवले. मोनालीताईंनी विचारले, की असे का. तो म्हणाला, "आबाजी मांगं झोपते. म्हणून मांगं लावला." यात लेकराने काही खोटे केले आहे असे अर्जदाराचेही म्हणणे नाही. मोनालीताईंना प्रशिक्षणात शिकवले आहे, की लेकराच्या कलाकृतीत मोठ्यांनी हात घालू नये. त्यांनी तो पुठ्ठा होता तसा भिंतीला टांगला.

तेव्हापासून अंगणवाडीत पालकांची ये-जा वाढली आहे. अर्जदाराचे लहानपणचे मित्र देवीलाल यांचा नातू अंगणवाडीच्या वयाचा राहिलेला नाही, तरी तेही रोज जातात. चार माणसे जमली, की म्हणतात, "थांबा, वामनरावाले रामराम घालून घेऊ," आणि पुठ्ठा उलटवून मिशांना हात जोडतात. या उलटापालटीने मिशांची एक बाजू निघून आलेली आहे.

७. अर्जदार स्वस्थ बसले असे नाही. त्यांनी मोनालीताईंना सुचवले, की पुठ्ठा भिंतीला न टांगता दारात दोरीला लोंबकळता ठेवावा, म्हणजे वाऱ्याने दोन्ही बाजूंना न्याय मिळेल. तसे करून पाहिले. वारा कोणत्याही दिशेचा असो, पुठ्ठा शेवटी आजीची बाजू पुढे करूनच थांबत असे. मग त्यांनी सुचवले, की पुठ्ठ्याला खिडकी कापून द्यावी, निदान तोंड तरी दिसेल. त्याला रजतने साफ नकार दिला, कारण खिडकी शेळीच्या पोटातून जात होती. सकाळी आजीची बाजू आणि दुपारी आजोबांची, अशा पाळ्या लावाव्यात, हीही सूचना झाली. अंगणवाडी दुपारी बंद असते.

शेवटी अर्जदाराच्या लक्षात आले, की रोगाचे मूळ पुठ्ठ्यात नाही, साडीत आहे. तेव्हा साडीचे तुकडे परत गोळा करून, शिंप्याकडून जोडून बेबीताईंच्या पेटीत ठेवावेत, असा विचार करून ते घरोघर निघाले. बाहुल्या तोवर लेकरांनी घरी नेलेल्या होत्या. पहिले घर जैनबबींचे. त्यांनी चहा ठेवला, सारे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "ले जाव भाऊ, मेरी ना थोडी है. पन तमन्ना के हात से तुमीच लेव." त्यांची नात तमन्ना बाहुली हनुवटीखाली दाबून झोपली होती. अर्जदार चहा पिऊन परत आले. दुसऱ्या घरी बाहुलीचे त्याच दिवशी लग्न ठरलेले होते, आणि अर्जदारास वरपक्षाकडून बसवून पोहे खायला घालण्यात आले. तिसऱ्या घरी बाहुलीचा पदर शेळीने खाल्लेला निघाला.

त्यापुढचे घर बबलूचे. बबलूची आजी मागच्या उन्हाळ्यात वारली. त्याने बाहुली कोनाड्यात आजीच्या फोटोशेजारी बसवली होती आणि तिच्यापुढे आपल्या वाट्याचा शेंगदाण्याचा लाडू ठेवला होता. अर्जदारास पाहून तो म्हणाला, "आबाजी, हे माही आजी होय. पाह्य, परत आली." अर्जदार न मागताच घरी आले आणि पुन्हा तुकडे मागायला गेले नाहीत. हा भाग सांगून झाल्यावर लिहिणारीने त्यांना पाणी दिले.

८. यानंतर अर्जदाराने आपणाकडे पहिला अर्ज केला. त्यात फक्त एवढेच मागितले होते, की आपल्या आदेशाने अर्जदारास पुठ्ठ्याच्या दर्शनी बाजूस घेण्यात यावे; साडीचा विषय एका ओळीत उरकला होता. आपण तो हातात पडताच वाचलात, अर्जदारास खुर्ची दिलीत, आणि म्हणालात, की गोष्ट अर्धी आहे, पूर्ण लिहा, आणि आजींचे म्हणणेही जोडा. अर्जदार म्हणाले, "मॅडम, तिचं म्हणणं मी कुठून आणू? ते मले बोलतच नाई." तेव्हा आपण चष्मा काढून बराच वेळ पुसत होतात, असे अर्जदारास आठवते.

आता बेबीताईंचे म्हणणे आणायचे कसे? रजत निरोप नेऊ शकतो, अर्ज नेऊ शकत नाही. सूनबाईंनी मध्ये पडण्यास नम्रपणे नकार दिला. अक्षय म्हणाला, "बाबा, मी एकदा टाय घातला तेवढं पुरे." म्हणून अर्जदाराने पहिल्या अर्जाची प्रत डाळीच्या डब्याखाली, अर्धी बाहेर दिसेल अशी ठेवली आणि स्वतः पडवीत जाऊन कान टवकारून बसले. बेबीताईंची नोकरीतली सवय अशी, की ज्या कागदावर वर आपल्या कार्यालयाचे नाव असेल तो कागद त्या उभ्याने वाचतात. तसा त्यांनी तो उभ्याने वाचला. डाळ उतू गेली तरी वाचत राहिल्या. मग पडवीच्या दारात आल्या. रजत घरात जागा होता, तरी त्याला हाक मारली नाही.

"रंग चुकला हाय," त्या अर्जदाराला म्हणाल्या. "राखडी लिवलं तुमी. आकाशी होती थे साडी. रोज सकायी तुमच्या डोयासमोरून नेसून गेली मी, इतकी वर्ष. तुमी एक डावबी पाह्यलं नाई?"

साडी कापली याचा राग बेबीताईंना होताच, पण न विचारता दिली याचा त्याहून मोठा होता, आणि रंग आठवत नाही म्हटल्यावर तो कशाच्या कशावर गेला. अर्जदार एवढेच म्हणाले, "माहं चुकलं वं." बेबीताई म्हणाल्या, "मॅडमकडं चुकीचा कागद गेला. थो सुधरून द्या लागते. सकायी नेरले जाऊ."

९. दुसऱ्या दिवशी दोघे एसटीने नेरला आले. महिलांसाठी राखीव जागा रिकामी असताना बेबीताई अर्जदाराच्या शेजारी बसल्या, कारण अर्जावर बोलायचे होते. फाट्यापासून नेरपर्यंत त्या बोलत होत्या. कोणता मुद्दा आधी हवा, कोणता मागे, मोनालीताईंवर बोट यायला नको, बबलूचे नाव घालायचे की नाही. लिहिणारीच्या दुकानात त्यांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचले. ढिगाशेजारी झोपण्याचा भाग वाचताना त्या खाली पाहून हसल्या, हे लिहिणारीने पाहिले आहे. जातानाही एसटीत बोलणे झाले. घराचा उंबरठा ओलांडला आणि बेबीताई म्हणाल्या, "रजत, आबाजीले सांगजो, पाय धुवून घे म्हणा."

पाय धुता धुता अर्जदारास उलगडा झाला. बेबीताईंच्या लेखी कामाचे बोलणे वेगळे आणि घरचे वेगळे. घरचा अबोला अजून मिटलेला नाही, तो मिटायचा तेव्हा मिटेल. परंतु अर्ज हे काम आहे. अर्जाविषयी त्या अर्जदाराशी सरळ, तोंडासमोर, पाहिजे तितका वेळ बोलतात.

तेव्हापासून हा अर्ज पूर्ण होत नाही. एकदा गावाचे नाव चुकले म्हणून दोघे नेरला आले. एकदा झेरॉक्स पुसट निघाली म्हणून आले. एका बाजाराच्या दिवशी दिनांक टाकायचा राहिला म्हणून आले, आणि त्या दिवशी बाजारातून हिरवे वाटाणेही घेतले, वाटाणे कोवळे आहेत की नाहीत यावर बोलणे झाले, आणि वाटाणे हे अर्जात मोडत नाहीत हे बेबीताईंच्या नेरचा नाका ओलांडेपर्यंत लक्षात आले नाही. अर्जदाराने लिहिणारीस खासगीत सांगितले, की या वेळी पिनकोड मुद्दाम राहू दे. बेबीताईंनी तो राहिलेला पकडला आणि परतीच्या वाटेवर अर्जदाराच्या निष्काळजीपणावर फाट्यापर्यंत बोलल्या. इतके सुख आपल्याला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही झाले नव्हते, असे अर्जदार सांगतात. लिहिणारीचा धंदा यात चांगला चालला आहे, पण तिलाही मन आहे. म्हणून आज तिने हा अर्ज पक्का करून आपणाकडे पाठवण्याचे ठरवले आहे.

१०. तरी अर्जदाराच्या विनंत्या पुढीलप्रमाणे आहेत.

अ) पहिल्या अर्जातील मागणी रद्द समजावी. रजतचा पुठ्ठा आहे तसाच राहू द्यावा. सौ. बेबीताईंचे म्हणणे आहे, की लेकराने जे केले त्याला मोठ्यांनी हात लावायचा नसतो, आणि अर्जदारानेही ते आता मान्य केले आहे. मिशांची निघालेली बाजू मात्र रजतच्या हातूनच पुन्हा चिकटवून घेण्यास परवानगी असावी, आणि देवीलाल यांना पालक नसताना अंगणवाडीत येण्याबद्दल समज देण्यात यावी.

ब) बाहुल्या कोणाकडून परत घेऊ नयेत. याबाबत बेबीताईंचे शब्द आहेत तसे देत आहे. "ज्याच्या घरी हाय त्याच्या घरी राहू द्या. त्याइच्या मायबापाले मीच त खिचडी चारली. माही साडी माह्याच लेकराइच्या घरी गेली." हे सांगून त्या लिहिणारीच्या दुकानातून रजतसाठी बिस्किटे आणायला पलीकडच्या दुकानी गेल्या आहेत. पुढचा मजकूर त्या येण्याआधी, अर्जदाराने घाईघाईत सांगितलेला आहे.

क) आपल्या टेबलावर कोणताही अर्ज पडून राहत नाही, आलेला कागद आपण त्याच दिवशी मार्गी लावता, अशी तालुक्यात आपली ख्याती आहे. अर्जदाराची खरी अडचण तीच आहे. तरी नम्र विनंती, की एवढा एक अर्ज आपण लवकर निकाली काढू नये. त्यात त्रुटी काढाव्यात. साऱ्या एकदम काढू नयेत, एकेक काढावी, म्हणजे प्रत्येकीसाठी वेगळे यावे लागेल. रहिवासी दाखला मागावा, तो आणला की त्यावरचा शिक्का स्पष्ट नाही म्हणावे. पुठ्ठ्याचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागावे. जमल्यास सुनावणी ठेवावी, आणि सुनावणीच्या पत्रात 'उभयतांनी समक्ष हजर राहावे' असे ठळक लिहावे. बेबीताईंनी आजवर आपल्या कार्यालयाचे लेखी पत्र मोडलेले नाही.

घरचा अबोला सुटेपर्यंत अर्ज चालू राहावा, एवढेच अर्जदाराचे मागणे आहे. अर्जदाराच्या भाषेत, "मॅडम, थे घरात बोलाले लागली की मी सोता येऊन सांगतो. तवा मंग तुम्ही अर्ज फाडून टाका."

आपला, आणि निकालाची मुळीच घाई नसलेला,

(सही)
वामनराव नत्थुजी गावंडे
बोरदाभा, ता. नेर, जि. यवतमाळ

दिनांक : ११ डिसेंबर २०२५

सोबत :
१) पहिल्या अर्जाची प्रत, साडीचा रंग दुरुस्त करून.
२) पुठ्ठ्याच्या मागील बाजूचे छायाचित्र.
३) पत्नीचे म्हणणे, स्वहस्ते, खाली जोडले आहे.

पत्नीचे म्हणणे :

मी सौ. बेबीताई वामनराव गावंडे, सेवानिवृत्त मदतनीस, लिहून देते, की वरील संपूर्ण अर्ज मी उभ्याने वाचला. साडीचा रंग आता बरोबर आहे. मुद्दा 'क' हा मी बिस्किटे आणायला गेली असता यांनी मला न विचारता घातला आहे. तो खोडू नये. त्रुटी काढण्यास माझी हरकत नाही.

(सही)
बेबीताई